उंदराच्या मेंदूतली मेंढी

“सर, तुम्हाला वीस वर्षांत तीन सापडली, मला वर्षभरात दोनशे अकरा. मग तुमच्याकडून निसटलं कुठे?”

विदुलाने विचारलं हसत, पण ते गमतीत नव्हतं. उंदराच्या मेंदूतल्या एका प्रथिनामागे धारप सरांनी हयात घालवली होती. त्या प्रथिनाला आणखी कोणकोणती प्रथिनं चिकटतात, याची यादी ती परदेशातल्या नव्या यंत्रावर काढून आली होती. रेणूंच्या तुकड्यांचं वजन करून त्यांची नावं सांगणारं यंत्र होतं ते.

शोधनिबंध उद्या पाठवायचा होता. त्यावर तिला सरांचं नाव हवं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांची शाबासकी.

सर पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. प्रयोगशाळा निम्मी रिकामी झाली होती, पण कोल्ड रूमबाहेरचे खिळे जागच्या जागी होते. प्रत्येकाच्या नावाचा एक. आत चार अंश असले तरी स्वेटर बाहेर टांगूनच जायचं, हा सरांचा दंडक. मुलं आत कुडकुडत सरांच्या नावाने बोटं मोडायची, आणि बाहेर आली की सर स्वतः चहा करून द्यायचे. आपल्या नावाचा खिळा दिसला आणि तिला ते दिवस इतके हवेसे वाटले की क्षणभर यादीचाही विसर पडला.

सर एकेक ओळ वाचत होते. सावकाश... शेवटच्या पानावर बोट थांबलं.

“ही कोण?”

तिने वाकून पाहिलं. मेंढीच्या लोकरीतलं प्रथिन. तिकडच्या कोल्ड रूममध्ये ती स्वेटर घालूनच जायची. तिथे कोणी खिळे ठोकले नव्हते.

“कचरा आहे, सर. एवढी ओळ खोडते.”

“आणि रिकाम्या नळीत काय सापडलं?”

प्रथिन पकडणारं आमिष घालायचं नाही, बाकी सगळं तस्संच करायचं, ती रिकामी नळी; तिच्यात जे सापडेल तो सगळा बाहेरचा कचरा. सरांकडे प्रत्येक प्रयोग तिच्यापासून सुरू व्हायचा. काही नाही ते शोधण्यात दुपार घालवायची म्हणून विदुला तेव्हा किती हसायची. तिकडे घाईघाईत तिने ती नळीच गाळली होती.

“केली नाही,” ती म्हणाली आणि पेन उघडून त्या ओळीवर टेकवलं.

सरांनी ओळीवर हात ठेवला.

“हिला राहू दे. कुठून आली ते ही एकटीच सांगतेय.”

“सर, निबंध उद्या जायचाय...”

उठून सरांनी अंगातला स्वेटर काढला, आपल्या खिळ्याला टांगला. शेजारच्या, तिच्या खिळ्यावरची धूळ बोटाने पुसली. मग कोल्ड रूमचं दार उघडून धरलं.

विदुला दारापर्यंत आली.

“आत फार थंडी आहे,” सर म्हणाले. “स्वेटर काढ.”