तळाचं नाव

“आणि मुलाचं नाव?”

फादर फिन्टननी टाक शाईत बुडवून विचारलं, आणि इतका वेळ पोपटासारखा बोलणारा लॅक्लन मॅकिंटायर बाकावर चुळबुळला.

“मुलाचं कशाला? माझ्या बापजाद्यांची लिहा. चौदा पिढ्या तोंडपाठ आहेत मला.”

तोंडपाठ होत्या, यात शंका नाही. त्या लिहून घ्यायलाच तर तो एडिंबरोहून, बोटीत ओकाऱ्या काढत, स्कॉटलंडच्या या बेटावरच्या मठात आला होता. म्हाताऱ्या फादरांच्या हातची वंशावळ दिवाणखान्यात लागली की घराण्याचा मान वाढतो, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

“आमच्याकडे तळापासून लिहितात,” फादर म्हणाले. “आधी सगळ्यात धाकटा. मग तो कुणाचा, मग तो कुणाचा... असं वर चढायचं.”

“मग माझ्यापासून धरा. मला मुलगा नाही.”

“नाही?”

“होता... होड्या बांधतो कुठेतरी किनाऱ्यावर. रंधा मारतो, फादर! मॅकिंटायरांचा पोरगा! सात वर्षं झाली, घरात त्याचं नाव काढायची बंदी आहे.”

शेवटी आवाज जरा चिरकला. लॅक्लनने तो खोकून झाकला.

“मॅक म्हणजे मुलगा, हे ठाऊक आहे ना तुला?”

“न ठाऊक असायला काय झालं? इंटायर नावाच्या कुणा सरदाराचा मुलगा.”

ही नावं ज्या भाषेतली, ती जुनी गेलिक भाषा घराण्यातून केव्हाच गेली होती. मिशीचा पीळ तेवढा राहिला होता.

“सरदाराचा नाही रे बाबा. सुताराचा. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा.”

“थट्टा करता माझी?”

“थट्टा कसली? कॅमेरॉन म्हणजे वाकड्या नाकाचा. कॅम्बेल म्हणजे वाकड्या तोंडाचा. मॅकगोवन लोहाराचा. गावाला जे दिसलं, तेच नाव पडलं. सुताराचा पोर म्हणून कुणी हाक मारली, की तुझा पूर्वज ओ देत होता.”

लॅक्लन ताडकन उठला. दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला...



लॅक्लनला हुंदका आवरेना. पोरगा लहानपणी खुर्चीचे मोडके पाय जोडत बसायचा, आणि आपण ते हिसकावून चुलीत घालायचो, हे त्याला आठवलं. आपण फार वाईट वागलो, असं सात वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

तो परत येऊन बाकावर बसला.

“युअन,” तो हळूच म्हणाला.

फादरांनी टाक पुसून बाजूला ठेवला.

“लिहा ना, फादर. युअन. माझा मुलगा, युअन.”

“मला कशाला सांगतोस? त्याला हाक मार.”