दुहेरी तंबू

“…ते सगळं खरं, माई. पण थंडीसाठी तंबूला कापड कुठलं घेऊ, तेवढं सांगा.”

उदाजीरावांनी कोटाच्या खिशातून कापडाचे तीन तुकडे काढले आणि चुलीपुढं मांडले. एक जाड, पिवळट, उभं धरलं तर उभंच राहील असं. दुसरं जरा मऊ. तिसऱ्याला मेण लावलेलं, बोटांना चिकटणारं.

रेवामाईंनी तिन्ही तुकडे गालाला लावून पाहिले आणि खाली ठेवले.

उदाजीराव म्हणजे खालच्या मुलखातले जहागीरदार. पौष लागला की शिकारीसाठी सातपुड्यावर चढायचे, माथ्यावरच्या तळ्याकाठी तंबू ठोकून महिनाभर राहायचे. माई तिथंच, तळ्याच्या वरच्या चढावर, झोपडीत राहायच्या. नर्मदेची परिक्रमा करून आलेली ही बैरागीण पुन्हा खाली कधी उतरलीच नाही. उदाजीरावांनी तिचा अनुग्रह घेतला होता. वर्षातून एकदा यायचं, पाया पडायचं आणि सांगितलेलं काही करायचं नाही, असा त्यांचा शिष्यपणा.

“तंबू कुणासाठी?” माईंनी विचारलं.

“पाहुण्यांसाठी. शिकारीला मंडळी येतात, त्यांना इथला गारठा सोसत नाही.”

“आणि तुला?”

“मला? छे! मला कसली थंडी.”

म्हणताना दोन्ही हात मात्र चुलीवर धरलेले. त्या माथ्यावर पौषात गवतावरचं दव गोठतं, सकाळी बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरलेला असतो. तिथं ‘मला कसली थंडी’ म्हणणारा माणूस एक तर दगड असतो, नाही तर जहागीरदार.

“यंदा कोण कोण आलंय?”

“यंदा… नाही आलं कुणी.”

“गेल्या साली?”

उदाजीरावांनी मेणाचा तुकडा उचलला. “हे पाणी अजिबात आत घेत नाही म्हणतात.”

“केवढा घेणार?”

“दोन खाटांचा.”

“दुसरी खाट कशाला?”

“सामान ठेवायला.”

माईंनी मान हलवली. बरं म्हणाल्या.

“तू अगदी पाण्याच्या काठाला ठोकतोस. सगळा गारठा उतरून तिथंच बसतो, बाबा. चढावर ये की. माझ्या झोपडीमागं चांगली सपाट जागा आहे.”

“नको. काठच बरा.”

“दार कुठल्या अंगाला ठेवतोस?”

“उत्तरेला.”

“आणि वारा?”

“…उत्तरेचाच.”

“कमाल आहे! वाऱ्याला दार उघडून द्यायचं आणि वर मला विचारायचं कापड कुठलं घेऊ. फिरव ते दार.”

“तिकडून तळं दिसतं, माई. पाणपाखरं उतरलेली दिसतात. शिकारीला बरं पडतं.”

“शेवटची शिकार कधी केलीस?”

असलं काही उदाजीरावांना विचारायची खाली कुणाची छाती नव्हती. इथं ही म्हातारी कांदा किती चिरू असं विचारावं तसं विचारून बसली होती.

…

बाहेर दिवस मावळत होता. गार वाऱ्याचा झोत आत आला तशा माई उठल्या आणि झोपडीचं दार लोटून आल्या.

उदाजीराव उठले आणि त्यांनी ते पुन्हा उघडलं.

“का रे?”

“धूर कोंडतोय.”

चूल रसरसून पेटली होती. धुराचं नाव नव्हतं.

दार उघडून ते तिथंच उभे राहिले, तळ्याच्या पलीकडं बघत. पलीकडचा काठ काळा पडत चालला होता. बराच वेळ तिकडं काहीच नव्हतं. उदाजीराव एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मग झाडीत बारीक उजेड दिसला, वाढला, चांगली शेकोटी झाली.

“पेटली,” ते स्वतःशीच म्हणाले आणि येऊन बसले. चेहरा जरा सैल झाला होता.

“कुणाची?”

“असेल कुणाची तरी.”

“उदा…”

“…राणूची.”

राणोजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं नाही, जाणं-येणं नाही, लग्नकार्याला बोलावणं नाही. पण पौषात याच तळ्यावर यायचं ही वडिलांपासूनची चाल, ती काही दोघांपैकी कुणी सोडली नव्हती. हा या काठाला, तो त्या काठाला. मधे पाणी.

माईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

“तुमच्या वडिलांचा, आबासाहेबांचा एक तंबू होता बघ. मी पाहिलाय. दुहेरी कापडाचा. त्यात थंडीची काय बिशाद होती आत यायची! तो कुठं गेला?”

“वाटणीत गेला.”

“राणूकडं?”

“नाही.”

“म्हणजे तुझ्याकडं आहे.”

“तसंही नाही.”

“मग मेला कुठं?”

जहागीरदारांनी मान खाली घातली. “बाहेरचं कापड मला आलं. आतलं अस्तर त्याला गेलं.”

माईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“हसू नका, माई! मी सोडेना, तो सोडेना. तीन दिवस तेवढ्यावर अडलं होतं. शेवटी पंच वैतागले. म्हणाले, दोन कापडं आहेत ना, घ्या एकेक आणि आम्हाला सोडा. घेतलं आम्ही. खांबसुद्धा एकेक वाटून घेतला.”

“आणि त्यातच राहता? दोघंही?”

“राहतो की. माझ्या कापडाला आतून घाम सुटतो. सकाळी तोंडावर टपटप थेंब पडतात. पण माझं एक वेळ चालेल. त्याचं नुसतं अस्तर आहे, माई. पातळ. दव सरळ आत जात असणार. मूर्खानं वर साधी ताडपत्रीसुद्धा टाकलेली नाही.”

“तुला कसं ठाऊक?”

“सकाळी वाळत घालतो ना. दोन झाडांना बांधून. दिसतं.”

“कुठून दिसतं?”

“…माझ्या दारातून.”

माईंचं हसू गेलं. त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं, दोन वाट्यांत गूळपाणी ओतलं आणि एक वाटी त्यांच्यापुढं सरकवली.

“मला एक सांग. कापडं तर तीच होती. मग दुहेरी तंबू एवढा उबदार कसा राहायचा?”

हा प्रश्न उदाजीरावांच्या जिव्हाळ्याचा. ते लगेच खुलले.

“ऊब कापडात नसतेच, माई! लोक उगाच जाड कापडाच्या मागं लागतात. दोन कापडांच्या मधे वीतभर पोकळी असते. तिथली हवा हलत नाही. म्हणून बाहेरचा गारठा आत पोचत नाही आणि आतली ऊब बाहेर जात नाही. लहानपणी आबासाहेब आम्हा दोघांचे हात धरून त्या पोकळीत घालायचे. राणूचा हात एवढासा… मी त्याला खालून उचलून धरायचो…”

“मग ती पोकळी पंचांनी कुणाला दिली?” माईंनी विचारलं.

…

उदाजीरावांनी वाटी तोंडाला लावली नाही. हातात धरून बसले. गूळपाण्याची वाफ हळूहळू कमी झाली.

“शिकारीचं विचारलंत ना मघाशी,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “बंदूक आणतो. पुसतो. तेल देतो. परवा सांबर उतरलं होतं पाण्यावर. केवढी शिंगं! समोर उभं राहिलं. मी बंदूक उचललीच नाही. मारून दाखवू कुणाला? ‘दादा, काय नेम धरलास!’ म्हणणारं आहे कोण? एक आचारी, एक गाडीवान. ते त्यांचे त्यांचे बोलतात, मी आलो की उठून उभे राहतात.”

“हं.”

“फार एकटं वाटतं हो, माई. खाली घरात माणसं भरलेली आहेत, तरी वाटतं. इथं निदान ती शेकोटी दिसते. ती पेटली की मला जेवण जातं.”

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. घसा खाकरून त्यांनी पुन्हा जहागीरदाराचा आवाज काढला.

“पण मी थोरला आहे. यायचं असेल तर त्यानं यायला हवं.”

“हं.”

“पंचांसमोर तो मला काय काय बोलला, तुम्हाला माहीत नाही.”

“नाही माहीत.”

“…मीही बोललो म्हणा.”

माईंनी कापडाचे तुकडे गोळा केले, एकावर एक ठेवले आणि त्यांच्या हातात परत दिले. उदाजीरावांनी न बघताच ते खिशात कोंबले.

उठले. पुन्हा दारात जाऊन उभे राहिले. अजून पूर्ण अंधारलं नव्हतं, बांधावरची पायवाट दिसत होती. तळ्याला वळसा घालून ती थेट त्या शेकोटीपर्यंत जात होती. रमतगमत निघालं तरी तिकडच्या जेवणाच्या आधी माणूस पोचेल एवढीच. वाटणी झाल्यापासून उदाजीरावांनी तिच्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

वारा तोंडावर येत होता. त्यांनी मुठी काखेत दाबल्या. दात वाजायला लागले होते, ते त्यांनी जबडा आवळून बंद केले.

“समजा, गेलो,” ते पाठमोरेच म्हणाले. “नुसतं समजा हं. पण इतक्या वर्षांनी एकदम त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं, तर काही कारण नको? बांधाच्या जमिनीचं काढू? का आईच्या श्राद्धाचं विचारू?”

माई काटक्या मोडत होत्या.

“सांगा ना, माई. काय म्हणून जाऊ त्याच्याकडं?”

माईंनी मोडलेल्या काटक्या चुलीत सारल्या.

“थंडी वाजतेय म्हण.”