एकवीस समलंब

“समलंब चौकोनाचं आता काय शिकायचं राहिलं, बुवा?”

दिगंबर मास्तरांनी विचारलं. शाळेत जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस. निवृत्त झाला आणि सिद्रामबुवांकडे दगड घडवायला शिकायला आला. तीन वर्षांत हात तयार झाला. मानही जरा ताठ झाली.

बुवा तंबाखू मळत होते.

“तूच सांग. समलंब म्हणजे काय?”

“समोरासमोरच्या दोन बाजू समांतर, उरलेल्या दोन नाहीत. समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची, भागिले दोन. झालं क्षेत्रफळ.”

“कुठं पाहिलास?”

“फळ्यावर.”

“अन् घरात?”

मास्तर जरा ओशाळले. “ते तुम्हीच दाखवलंत. बायको धान्य पाखडते, त्या सुपात. बाजूनं पाहिलं तर बादलीत. शेताचा बांध आडवा कापला तर त्यातही.”

“अन् इथं?”

मास्तरांनी ऐटीत बोट वर केलं.

कोरड्या ओढ्यावर त्यांची कमान उभी होती. एकवीस दगड. एकूण एक समलंब, वर रुंद, खाली अरुंद. मी जन्मभर चुना कालवतोय, पण खरं सांगतो, असे सांधे मी पाहिले नव्हते. दगड घडवावा तर या माणसानं!

खाली अजून लाकडी आधार होता. आज तो काढायचा होता. कमान टिकली तर पुढचा पूल मास्तरांनी एकट्यानं बांधायचा, असा बुवांचा शब्द होता. पडली तर तीन वर्षं पाण्यात.

“आधाराखाली दोन्ही काठांवर पाचरी आहेत नुसत्या,” मास्तर म्हणाले. “घणाचे चार घाव, की मोकळं!”

आमच्यात एक रिवाज आहे. आधार काढताना बांधणाऱ्यानं कमानीखाली बसायचं. मास्तरांनी घण माझ्या हातात दिला आणि ते उतरायला निघाले.

“थांब,” बुवा म्हणाले. “पाचरी तू काढ. मी बसतो.”

“अहो बुवा, कमान माझी आहे!”

“म्हणूनच.”

सत्तरी उलटलेला माणूस. फेटा सावरत खाली उतरला आणि वाळूत मांडी घालून बसला.

मास्तरांनी माझ्याकडून घण घेऊन उचलला. बुवांकडे पाहिलं…

घण खाली ठेवला. लहान हातोडी मागितली.

एक टोला डावीकडच्या पाचरीला. थांबले, सांधे पाहिले. एक टोला उजवीकडे. पुन्हा थांबले. डावी सूतभर, उजवी सूतभर. सदरा घामानं चिंब झाला. दुपार कलली तरी तेच चाललं होतं. मला तर बघवेना.

मध्येच कमान करकरली…

“बुवा, बाहेर या! पाया पडतो!”

“तुझं चालू दे.”

बुवा हलले नाहीत. मास्तरांनी डोळे पुसले, आणखी हळू टोला दिला.

शेवटी आधार दगडांपासून सुटला. एकवीस दगड एकमेकांना रेटून उभे राहिले. खडासुद्धा पडला नाही. मी ओरडलोच, “वा रे मास्तर!”

मास्तरांचं लक्षच नव्हतं. ते धावत खाली गेले आणि त्यांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“बुवा… एवढा भरवसा? माझ्या दगडांवर?”

बुवांनी त्यांना हात धरून उठवलं.

“दगडांची काळजी मला कधीच नव्हती रे. तुझ्या घाईची होती.”