कोसभर पंगत

लहानांनो, थोरांनो, जरा जवळ सरका. फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर माणसांना नावानं हाक मारत आणि थापा मारणाऱ्याला लोक पाट देऊन बसवत.

त्या काळी एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात दोन मोठी घराणी. एक टेकडीवरचं, त्याचे कर्ते आबा. दुसरं ओढ्याकाठचं, त्याचे कर्ते तात्या. दोघांच्या मिशा अशा, की एकाच्या मिशीवर धोतर वाळत घालावं आणि दुसऱ्याच्या मिशीवर उपरणं.

गावाची एक रीत होती. नवं पीक कोठारात भरलं, की गावदेवीसमोर पंगत बसायची. पंगतीतलं पहिलं पान गावात सर्वांत आधी आलेल्या घराचं. ते पान जेवलं, की कोठाराचं कुलूप निघायचं. तोवर कोणी नव्या दाण्याला हात लावायचा नाही. आणि अमावस्येपर्यंत पंगत झाली नाही, तर कोठार वर्षभर बंद.

इतकी वर्षं पहिल्या पानावर एक म्हातारी बसायची. दोन्ही घराणी तिला आजी म्हणायची. तिला मागेपुढे कोणी नव्हतं. ती गेली, पान रिकामं झालं, आणि घोडं अडलं.

“इथली पहिली चूल आमच्या पणजोबांनी मांडली,” आबा म्हणाले.

“मांडली असेल. पण आमच्या पणजोबांकडून विस्तव मागून नेला, तेव्हा पेटली ती!” तात्या म्हणाले.

दिवस जाऊ लागले. कोठारात भाताला किडे लागायला आले आणि घरोघरी लोक कंद उकडून खाऊ लागले. आबांची नात एक दिवस हात पुढे करून म्हणाली, “आबा, गंमत बघा. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात!” ती हसली. आबांना हसू आलं नाही. त्या रात्री त्यांना झोपही आली नाही. पण मान सोडायचा म्हणजे पणजोबांना खोटं पाडायचं. ते काही त्यांच्याच्यानं होईना.

शेवटी दोघे पंतोजींकडे गेले. पंतोजी झाडाखाली शाळा भरवत. त्यांची शिकवण्याची तऱ्हा निराळी. ते म्हणत, “कानाला सांगितलेलं दुसऱ्या कानानं निघून जातं. हातापायांना सांगितलं, की ते आत राहतं.” नेमके त्या दिवसांत ते पोरांना पृथ्वीचं वय शिकवत होते.

“तुमचं भांडण आमच्या धड्यातच सुटेल,” पंतोजी म्हणाले. “पोरं एक पंगत मांडताहेत. डोंगराच्या कपारीपासून देवीच्या ओट्यापर्यंत, कोसभर. पानाला पान लावून. कपारीपाशी पृथ्वीचा जन्म, ओट्यापाशी आजचा दिवस. जो जेव्हा आला, त्याचं पान तिथं. तुम्ही दोघं आपापलं पान शोधा आणि त्यावरच बसा. कबूल?”

“कबूल,” आबा म्हणाले. “कबूल,” तात्या म्हणाले. दोघांनी देवीच्या दिव्याची शपथ घेतली.

आता कोसभर लांब पंगतीला पत्रावळी किती लागल्या असतील, याचा हिशेब करत बसू नका. पोरांनी रानातले सगळे पळस बोडके केले. विश्वास बसत नसेल तर पळसाला विचारा. त्यानं तेव्हा असा धसका घेतला, की आजही तो तीनच पानं काढतो.

अमावस्येची सकाळ उजाडली. आबा झपझप चालत सर्वांच्या पुढे कपारीपाशी पोचले. पहिलं पान समोर होतं. पानाजवळ एक पोरगा उभा होता. पानावर खापर, आणि खापरात लालभडक निखारे.

“बसा आबा,” पोरगा म्हणाला. “हे पृथ्वीच्या जन्माचं पान. तेव्हा जमीनसुद्धा उकळत होती.”

“बसा की!” मागून तात्या खदखदले. “मान तुमचाच!”

आबांनी धोतर सावरलं आणि दोन पावलं मागे घेतली. “आमचं घराणं जरा गार झाल्यावर आलं असावं,” ते पुटपुटले.

पुढे पाण्याचे द्रोण लागले. “हा पाऊस,” एक पोरगी म्हणाली. “पडायला लागला तो थांबेचना. खड्डे भरले, दऱ्या भरल्या, समुद्र झाले.” वर आभाळ स्वच्छ निळं होतं, तरी तिथून जाताना आबांचा खांदा ओला झाला.

मग एका पानावर हिरवं शेवाळ आलं. पुढच्या पानावर शेवाळ. त्याच्या पुढच्या पानावर शेवाळ. ऊन डोक्यावर आलं, तरी आपलं शेवाळच.

“पंतोजी, पक्वान्न बदला हो!” तात्या ओरडले.

“मी कोण बदलणार?” पंतोजी म्हणाले. “पृथ्वीनं फार काळ हेच वाढलं.”

आबांचे पाय भरून आले. वाटेत करंजाची सावली होती. ते टेकले आणि त्यांचे डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांपुढे एक समुद्र पसरला. त्याच्यावर पाखरू नव्हतं, काठावर गवताची काडी नव्हती. लाटेशिवाय आवाज नव्हता. आभाळात चंद्र केवढा तरी मोठा होता, हात लावावा इतका जवळ. आणि काठाच्या खडकावर ते हिरवं शेवाळ एकटंच बसलं होतं.

“कोण रे तू?” आबांनी विचारलं.

“वाढपी.”

“काय वाढतोस?”

“हवा.” शेवाळातून एक बुडबुडा निघाला, हळूहळू वर गेला आणि फुटला. मग दुसरा. मग तिसरा.

“कोणाला वाढतोस? पंगतीत तर कुत्रंही नाही!”

“येतील.”

“मग तू सगळ्यांच्या आधी आलास. आधी जेवून का घेत नाहीस?”

शेवाळ हसलं. शेवाळ हसतं तेव्हा पाणी थोडं हिरवं होतं. “आबा,” ते म्हणालं, “आधी आलेल्यानं आधी ताव मारला असता, तर तुम्ही श्वास कशाचा घेतला असता?”

एक बुडबुडा थेट आबांच्या मिशीवर येऊन फुटला, आणि ते जागे झाले. मिशी ओली होती. दुपार कलली होती. ते उठून पुढे चालू लागले.

त्यानंतर मात्र पंगतीत दाटी झाली. गोगलगाय आली, मासा आला, नेचं आलं. मातीचा एक सरडा आला, बैलाएवढा. मग काळ्या दगडांची पानं लागली. पोरांनी सांगितलं, “हा आपला डोंगर. तापलेला रस जमिनीतून वर आला आणि थिजला, त्याचा झाला.” आबांना तो डोंगर आजवर म्हातारा वाटत होता. इथं तो अगदी ओट्याजवळ, काल जन्मल्यासारखा बसला होता. मग गवत, घोडे, हत्ती. आणि देवीचा ओटा.

शेवटच्या पानापाशी आबांची नात उभी होती.

“आमचं पान कुठं गं?” आबांनी विचारलं.

“हेच. सगळ्या माणसांचं मिळून हे एकच पान आहे.”

“आणि आपलं गाव?”

नातीनं पानाच्या अगदी कडेला बोट दाखवलं. तिथं मिठाचा एक कण होता.

आबा आणि तात्या एकाच वेळी वाकले. डोक्यावर डोकं आपटलं.

“माझं घर कणाच्या अलीकडच्या बाजूला का पलीकडच्या?” तात्यांनी विचारलं.

“तात्या, श्वास रोखून विचारा,” ती म्हणाली. “फुंकर लागली तर गाव उडेल.”

शपथ घेतली होती, म्हणून दोघे त्या एकाच पानावर मांडीला मांडी लावून बसले. पंगतीच्या अगदी शेपटाला. पहिल्या पानावर निखारे विझत आले होते. तिथं बसायला कोणी नव्हतं. सूर्य डोंगराला टेकला. कोठाराचं कुलूप तसंच लटकत होतं. सगळं गाव पंतोजींकडे बघू लागलं.

“मला शिकवता येतं, निवाडा करता येत नाही,” पंतोजी म्हणाले.

आबांनी मान वळवून पंगतीकडे पाहिलं. पानं तांबूस उजेडात डोंगरापर्यंत लांबत गेली होती, आणि त्यांना वाटलं, प्रत्येक पानापाशी कोणीतरी वाकलं आहे. पाऊस पाणी वाढतो आहे. शेवाळ हवा वाढतं आहे. दगड झिजून माती वाढतो आहे. एवढ्या लांब पंगतीत सगळे वाकलेलेच. बसलेले दोघंच, एक ते स्वतः आणि दुसरे तात्या.

आबांना लाज वाटली. ते उठले.

“तात्या, उठा.”

“का? शपथ आहे.”

“बसायची होती, बसलो. आता सांगा, गावात आधी कोण आलं? आपण. मग बाकीचे आपले पाहुणे. यजमान कधी पाहुण्यांच्या आधी जेवतो का?”

तात्यांनी मिशीला पीळ द्यायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. “पण दोघांत आधी कोण?” ते हळूच म्हणाले.

“ते पोरांच्या पोटांना विचारू. तुम्ही वरण घ्या, मी भात घेतो.”

पंगतीसाठी देवीच्या नावानं राखून ठेवलेल्या जुन्या तांदळाचा भात हंड्यातून निघाला. गेल्या उन्हाळ्यात गावात आलेलं बुरुडाचं कुटुंब दूर उभं होतं. आबांनी त्यांना हाताला धरून पुढे आणलं आणि देवीसमोर नव्यानं मांडलेल्या पंगतीच्या पहिल्या पानावर बसवलं. त्यांच्या शेजारी शाळेची पोरं बसली. पहिला घास पोटात गेला आणि कोठाराचं कुलूप निघालं. आबा आणि तात्या सगळ्यांच्या मागून जेवले. वरण तोवर संपलं होतं. दोघांनी भात मिठाशी खाल्ला आणि मिटक्या मारल्या.

पुढच्या वर्षी पंगतीच्या दिवशी भाताचा हंडा समोर आला. हंडा चांगलाच जड होता. तात्या एकदम नम्र झाले. “आबा,” ते म्हणाले, “मी खूप विचार केला. तुमचंच घर जुनं!”

“लबाडा,” आबा म्हणाले आणि हंडा उचलला.

आधी आल्याचा मान जेवण्यात नसतो, वाढण्यात असतो.