तिसरा शब्द

एका राज्यात राजा दगडाचा झाला. कपालकेतू नावाच्या मांत्रिकाने राजा मणिकंठावर राख फुंकली, तो दगडी पुतळा चौकात उभा करवला आणि स्वतः सिंहासनावर चढून बसला. राजाला उठवणारा मंत्र तीन शब्दांचा. राजपुरोहिताने मरताना तो आपल्या तीन लेकींना एकेक शब्द करून वाटून दिला होता.

मांत्रिकाने दुर्जय मारेकऱ्याला बोलावले. दुर्जयाची कट्यार मंतरलेली. म्यानाबाहेर आली की रक्त प्यायल्यावाचून शांत होत नसे.

"तिघी बहिणी, तीन विडे. उचल," मांत्रिक म्हणाला.

दुर्जयाने उचलले. घोडा फेकत तो पूर्वेच्या डोंगरात गेला, थोरली संपली. पश्चिमेच्या खाडीवर गेला, मधली संपली. धाकटी केतकी राजाच्या पुतळ्यापाशीच फुले विकी. ती हाताशीच, म्हणून शेवटी ठेवलेली.

भर दुपारी दुर्जय तिच्यापुढे उभा राहिला. कट्यार उपसली. तोच एक साळुंकी धापा टाकत केतकीच्या खांद्यावर उतरली आणि हुबेहूब थोरलीच्या आवाजात बोलली:

"उन्हातून आलात, पाहुणे. बसा, पाणी आणते."

दुर्जय जागीच थबकला. हेच तिचे अखेरचे बोल! ती तांब्या भरायला वळली आणि त्याने पाठीत वार केला होता.

"ही ताईची साळुंकी," केतकी म्हणाली. "मंत्र जुळवायला हिलाच आधी मधलीकडे, मग माझ्याकडे पाठवणार होती ती. ताईच्या खुनाची बातमी आली होती, आणि तिचे बोल ऐकून तू थबकलास. ताईला मारणारा तूच?"

"मीच. मधलीलाही मीच मारले."

आजवर हे त्याने तोंडाने कधी उच्चारले नव्हते. जीभ भाजल्यागत झाली. तेवढ्यात कट्यारीने उसळी घेतली आणि ती त्याचा हात केतकीच्या गळ्याकडे ओढू लागली. दुर्जयाने दात आवळले, डावा तळहात मध्ये घातला. पाते आरपार गेले! रक्त प्याली आणि कट्यार साध्या लोखंडासारखी खाली पडली.

"मंत्र म्हण!" तो ओरडला. "लवकर!"

वाड्याच्या सज्जातून मांत्रिकाने हे पाहिले. त्याचे गिधाड झाले आणि ते साळुंकीवर झेपावले. दुर्जयाने रक्ताळल्या हातांनी त्याचे पाय धरले. चोचीने खांदा फाडला, तरी पकड सुटली नाही.

साळुंकी थोरलीच्या आवाजात म्हणाली, "जाग." मधलीच्या आवाजात म्हणाली, "ऊठ." आणि केतकीने जिवाच्या आकांताने साद घातली, "चाल!"

दगड तडकला. राजा मणिकंठ पाऊल टाकून चौथऱ्याखाली उतरला. दुर्जयाच्या हातातले गिधाड जडजड, गारगार झाले. जादू उलटून मांत्रिकाचाच दगड झाला. चौकात एकच जल्लोष उसळला, नगारे झडले, माणसे राजाच्या पायांवर लोटली.

राजाने सगळे ऐकून घेतले. "याला सुळी द्या."

"योग्य आहे, महाराज," दुर्जय म्हणाला.

"महाराज," केतकी पुढे आली. "मी याला क्षमा करणार नाही. पण सुळावर हा सुटून जाईल. याने माझ्या बहिणींच्या घरी जावे, आपल्या तोंडाने सारे सांगावे. मग त्या घरची माणसे देतील तो न्याय."

"तसेच होवो," राजा म्हणाला, आणि सिंहासनावर जाऊन बसला.

दुर्जय निःशस्त्र, पायी पूर्वेच्या डोंगरात गेला. दार थोरलीच्या नवऱ्याने उघडले. दुर्जयाने उंबऱ्याबाहेर गुडघे टेकले, आणि पहिल्यापासून सांगू लागला.