आठ दिवसांची ओल

एका नदीच्या दोन काठांना दोन गावं होती. अलीकडच्या गावात एक सुतार राहायचा, पलीकडच्या गावात एक म्हातारा लोहार. सुताराची चाकं पंचक्रोशीत नावाजलेली. पण लाकडी चाकावर लोखंडाची धाव, म्हणजे बाहेरचं कडं, चढल्याशिवाय ते गाडीला लागत नाही, आणि धाव जोडावी ती लोहारानंच. म्हणून प्रत्येक चाक डोक्यावर घेऊन सुताराला गुडघाभर पाण्यातून पलीकडे जावं लागे.

पाण्याचं त्याला काही वाटत नसे. खुपायचं ते वेगळंच. नवी गाडी रस्त्याला लागली की लोक वाकून बघत आणि म्हणत, "धाव काय बसवलीय लोहारानं!" आतल्या चाकाचं नाव कुणी काढत नसे. जे चकाकतं त्याकडे आधी नजर जाते, हा बाजाराचा जुनाच कायदा आहे. पण सुताराच्या मनाला तो पटेना.

शेवटी त्यानं ठरवलं, आपल्याच अंगणात भट्टी बांधायची. आणि ती बांधायची कशी हे विचारायला गेला कुणाकडे, तर त्याच लोहाराकडे! म्हणजे दुकान सोडायचं, तेही दुकानदाराला वाट विचारून.

लोहारानं काही लपवलं नाही. कमरेइतका ओटा रच म्हणाला, मध्ये परातीएवढा खळगा ठेव, त्याला वारुळाची माती, राख आणि भुसा एकत्र मळून चार बोटं जाड लिंप. भात्याची नळी तळापासून बोटभर वर काढ, नाहीतर राखेनं तिचं तोंड बुजेल. इतकंच नाही, आपला जुना भाताही त्यानं झटकून हातात दिला. सुतार उंबऱ्यापर्यंत गेल्यावर त्यानं हाक मारली.

"आणि हे बघ, लिंपून झालं की आठ दिवस भात्याला हात लावू नकोस. रोज शेणीचा नुसता निखारा ठेव. आतली ओल तिच्या चालीनं निघू दे."

मग त्यानं आपल्या घणाच्या दांड्याची चौकशी केली. जुना दांडा चिरला होता, त्याला सुतळी गुंडाळून म्हातारा काम चालवत होता. नव्या दांड्याचं लाकूड सुताराच्या माळ्यावर दोन उन्हाळे वाळत पडलं होतं. "अजून थोडं वाळू द्या, बाबा," सुतार म्हणाला. लोहार बरं म्हणाला.

भट्टी झाली. ज्या दिवशी ती लिंपून झाली, त्याच दिवशी एका मीठवाल्याच्या गाडीचं चाक गावाच्या वेशीजवळ मोडलं. घाटावरची तीन दिवसांची जत्रा पाच दिवसांवर आली होती. वर्षाचं अर्धंअधिक मीठ त्याचं तिथंच खपायचं, आणि त्यावरच त्याचं घर चालायचं. इथं मात्र नदीकाठच्या दमट हवेत पोती पाझरायला लागली होती.

अंगणात बाभळीचा नुकताच तोडलेला ओंडका होता. मीठवाला म्हणाला, यातूनच चाक करा की, घाट चढेपर्यंत टिकलं तरी पुरे.

सुतार त्या ओंडक्यावर बसला. "ओल्या लाकडाचं चाक करणारा सुतार दुसरा शोध. आज गोंडस दिसेल, आणि उद्या घाटात उकललं की शिव्या मला. लाकूड वाळायला जेवढे दिवस घेतं तेवढे घेतं. त्याला तुझी जत्रा कळत नाही."

सुतारानं शिल्लक होतं ते वाळलेलं लाकूड काढलं आणि तीन दिवस खपून देखणं चाक उभं केलं.

चौथ्या दिवशी सकाळी मोडक्या चाकाची धाव नव्या मापानं जोडायची होती. मीठवाल्यानं चाक उचललं आणि तो नदीची वाट विचारू लागला. सुतारानं अंगणातल्या भट्टीकडे बोट केलं.

त्याची बायको दारात उभी होती. "अहो, लोहारबाबांनी आठ दिवस सांगितलेत ना? आज तर तीनच झालेत."

"तो आठच सांगणार," सुतार म्हणाला. "तेवढेच आठ दिवस आपली चाकं त्याच्या दारात. वरून हात लावून बघ, माती कशी खडखडीत वाजते."

फुकटात मिळालेलं औषध माणूस असंच घेतो: निम्मं पितो आणि निम्म्यात वैद्याचा कावा शोधतो.

कोळसा घातला. मीठवाल्यानं भाता ओढला. निखारा पिवळा झाला, धावेची टोकं लाल झाली, सुताराचा चेहराही उजळला. एवढ्यात तळातून कण्हल्यासारखा आवाज आला आणि खळग्याची एक बाजू फाडकन उडाली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण पेटते कोळसे घरंगळत गेले ते ओट्याला टेकवलेल्या चाकाखाली. पाणी मारेपर्यंत त्याचा एक आरा जळून गेला होता. लोहाराच्या दांड्याचं सोडलं तर घरात वाळलेलं लाकूड आता नव्हतं.

मीठवाला पोत्यांकडे बघत राहिला. तेच सुताराला जास्त लागलं.

दोघं चाक घेऊन नदी उतरले. सुतारानं सोबत भट्टीचं एक ढेकूळही घेतलं होतं. लोहारानं ते ऐरणीवर ठेवून हलकेच फोडलं. वरून पांढरं, आतून काळं ओलं.

"बाबा," सुतार खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, आठ दिवस तुम्ही तुमच्या सोयीनं सांगितलेत."

लोहारानं सुतळी गुंडाळलेला घण उचलून दाखवला. "हा दांडा चिरून किती दिवस झाले?"

"दोन उन्हाळे."

"मी कधी विचारलं, एवढे दिवस कशाला लावतोस म्हणून?"

"नाही."

"लाकडाचं सुताराला ठाऊक, म्हटलं. मातीचं मला ठाऊक असेल, एवढं तुला वाटलं नाही होय रे?"

लोहारानं जळक्या आऱ्याची लांबी वितीनं मोजली आणि म्हणाला, "माझा दांडा वाळला असेल एव्हाना. त्याचा आरा होतो का बघ. मिठाला थांबता येत नाही, मला येतं."

सुतारानं नदी ओलांडून माळ्यावरचं ते दांड्याचं लाकूड आणलं आणि त्याचा आरा केला. संध्याकाळी लोहाराच्या भट्टीवर धाव जोडली, शेणींच्या आगीत तापवून ती चाकावर चढवली. मीठवाला जत्रेला पोचला तो शेवटच्या दिवशी. निम्मं मीठ खपलं, काही वाटेत पाझरून गेलं. परतताना त्यानं सुताराला दोष दिला नाही. पण नदीकाठी मुक्कामही केला नाही.

सुतारानं भट्टी पुन्हा लिंपली. रोज एक निखारा. मधल्या दिवसांत आलेलं चाक तो मुकाट्यानं डोक्यावर घेऊन पलीकडे गेला. नवव्या दिवशी पहिला भाता ओढायला त्यानं लोहारालाच बोलावलं. म्हातारा आला, खळग्यावर बोटानं टिचकी मारून खूश झाला.

मग अंगणात बाभळीचा एक नीट तासलेला तुकडा दिसला, तो त्यानं हातात घेऊन पाहिला.

"हा तुमचा दांडा, बाबा," सुतार म्हणाला. "पण लाकूड ओलं आहे. दोन उन्हाळे लागतील."

"बरं," लोहार म्हणाला, आणि भाता ओढू लागला.

तात्पर्य एवढंच: आपल्या कामाला जो वेळ आपण हक्कानं मागतो, तोच दुसऱ्याच्या कामाला विश्वासानं द्यावा.