दोघांचं सफरचंद

झाडांचं बोलणं माणसांना कळायचं, त्या काळची ही गोष्ट. डोंगरातल्या एका बागेत तारामणी नावाची बाई सफरचंदं पिकवायची. एका झाडाची फळं गोड, पण लगेच सडायची. दुसऱ्याची टिकायची, पण तुरट लागायची. तिने या दोन्ही झाडांच्या फुलांचा संकर केला आणि त्या बियांची रोपं वाढवली. बऱ्याच वर्षांनी त्यातल्या एकाच झाडाला गोड आणि टिकाऊ फळ आलं.

थंडीत पानं गळाल्यावर ती सुरी घेऊन त्या झाडापाशी आली.

"माझं काही चुकलं का?" झाडाने घाबरून विचारलं.

"नाही रे. तुझ्या बियांतून तुझ्यासारखं झाड उगवणार नाही. तुझ्या फांदीचं शेजारच्या या रानटी रोपावर कलम केलं, तरच हे फळ बाजारात सगळ्यांना मिळेल."

"माझी फांदी या आंबट रोपाला?" झाड रुसून म्हणालं.

कलमासाठी त्या रोपाचा शेंडा तिने नुकताच छाटला होता. रोप हळूच म्हणालं, "माझ्यासारख्यांचं फळ कधी कोणी खाल्लं नाही. तुझी फांदी मी जपेन."

झाडाने त्या छाटलेल्या बुंध्याकडे पाहिलं. मग तारामणीला म्हणालं, "वरची घे. ती जास्त जोमाची आहे."

पुढे त्या कलमाला फळं आली, तेव्हा बाजारात गिऱ्हाइकं विचारायची, "हे कुठल्या झाडाचं?"

तारामणी सांगायची, "दोघांचं आहे."